सुखोई-३०: ८ टन, ३,००० किमी, ९ जी. हे सगळं एकदम मिळतं का?

चौकस चिंतू
नमस्कार मंडळी. सुखोई-३० एमकेआयचं माहितीपत्रक चाळलं की हे आकडे दिसतात: आतल्या टाक्यांत साधारण ९,६४० किलो इंधन, १२ खुंट्यांवर (शस्त्रं टांगायच्या जागा) ८,००० किलो शस्त्रं, पल्ला ३,००० किमी, वेग मॅक दोनच्या (आवाजाच्या दुप्पट) आसपास, वळणात ९ जी. वर 'मल्टिरोल' असा शिक्का. म्हणजे हवेतली मारामारी, जमिनीवर बॉम्ब, समुद्रात जहाज, सगळं एकाच विमानाने.
प्रश्न साधा आहे. हे सगळं एकाच उड्डाणात मिळतं, की हा लग्नाचा बायोडेटा आहे? प्रत्येक ओळ खरी, पण सगळ्या एकाच दिवशी नाहीत.
राफेल आणि तेजसवाल्यांनीही लिहा. फक्त 'आमचंच भारी' नको.

झोपाळू
बायोडेटा. ठार. :))

वजनकाटा
बायोडेटाच आहे, आणि तो कुठे फुगवलाय हेही दिसतं. रिकामं विमान १८,४०० किलो. त्याच पत्रकात 'सामान्य उड्डाण वजन' २४,९०० किलो लिहिलेलं असतं. ते वाचताना खालची बारीक ओळ बघा: इंधन फक्त ५,२७० किलो, आणि चार क्षेपणास्त्रं. टाकी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली.
आता दोन एएल-३१एफपी इंजिनं आफ्टरबर्नरवर (झोतात जादा इंधन जाळून) प्रत्येकी १२,५०० किलो रेटा, म्हणजे पुढे ढकलण्याचा जोर, देतात, म्हणजे एकूण २५,०००. भागाकार केला की एकास एक येतो. 'रेटा वजनाएवढा' हा दावा इथून निघतो, अर्ध्या टाकीतून.
टाकी काठोकाठ भरा, दोन माणसं, खुंट्या, तोफेच्या गोळ्या धरा, सहा क्षेपणास्त्रं लावा. वजन २९,७०० च्या घरात जातं आणि गुणोत्तर ०.८४ वर येतं. पूर्ण ८ टन लटकवलेत तर साडेछत्तीस टन, गुणोत्तर ०.६८. हे दुसरंच विमान झालं म्हणा ना.

घाटमाथा
वजनकाटाशी सहमत, एक भर. सुखोई-३० एमकेआयला बाहेर लटकवायची, फेकून देता येणारी ड्रॉप टँक नसते. सगळं इंधन पोटात आणि पंखांत. डिझाइन करणाऱ्यांनी असा विचार केला की जास्तीचं इंधन ही 'आतलीच ड्रॉप टँक' समजायची. लांब जायचं तेव्हा भरा. पण ते अंगावर आहे तोवर ९ जी मागू नका, मर्यादा खाली येते. लढाईच्या जागी पोचेपर्यंत ते जळून गेलेलं असतं आणि मग विमान मोकळं होतं.
फायदा असा की खुंट्या शस्त्रांसाठी रिकाम्या राहतात आणि टाक्यांचा हवेतला अडथळा नाही. तोटा असा की ती टाकी फेकून देता येत नाही. इंधन संपलं तरी रिकाम्या जागेचं धूड सोबत घेऊन फिरावं लागतं. २२ मीटर लांबीचं विमान उगाच नाही झालं.

वेलदोडा
९ जी म्हणजे नक्की काय हो? वैमानिकाचं वजन नऊपट एवढं कळतं. विमानाला काय होतं?

नटबोल्ट
@वेलदोडा, नऊपट सगळ्याचंच होतं. २५० किलोचा बॉम्ब खुंटीच्या आकड्यांना २,२५० किलोचा वाटतो. बॉम्ब दोन आकड्यांवर टांगलेला असतो आणि डोलू नये म्हणून बाजूंनी स्क्रूचे पाय टेकवून आवळलेला असतो. ते कमी आवळले तर बॉम्ब थरथरतो, जास्त आवळले तर त्याच्या कवचावर ताण येतो. म्हणून जड बॉम्ब लावलेल्या विमानाला ९ जीची परवानगीच नसते. मर्यादा शस्त्रागणिक वेगळी, आणि मिश्र भार असेल तर सगळ्यात नाजूक वस्तूची मर्यादा पूर्ण विमानाला लागू.
शिवाय एका पंखाखालचा बॉम्ब सुटला नि दुसऱ्याखालचा अडकला, तर विमान लंगडं होतं. म्हणून सोडण्याचा क्रम ठरलेला असतो: डावा, उजवा, डावा, उजवा.

पक्का पुणेकर
पत्रकातला आणखी एक विनोद: ३,००० किमी पल्ला हा उंचावरून, आरामात, हलक्या भाराने. त्याच पत्रकात समुद्रसपाटीलगतचा पल्ला १,२७० किमी दिलेला असतो. शत्रूच्या रडारखालून जायचं तर खालूनच जावं लागतं. तिथे हवा दाट, इंजिन अधाशी. जाऊन यायचं तर अर्धा करा, त्यातून राखीव वजा करा.
आणि हे सगळे आकडे १५ अंश तापमान, समुद्रसपाटी असं धरून. लोहगाव ५९० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंश असताना तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. पंखांना तेवढीच उचल हवी तर जमिनीवरचा वेग ८ टक्के जास्त लागतो. त्यात इंजिनाचा रेटाही घटलेला. दोन्ही मिळून धावपट्टी जवळजवळ एक तृतीयांश जास्त खाल्ली जाते. दुपारी पुणेकर झोपतात त्याला शास्त्रीय आधार आहे.

झोपाळू
शेवटच्या वाक्यासाठी वैयक्तिक आभार.

रडारवाला
वजनाच्या गप्पा ठीक आहेत, पण मल्टिरोलपणा ठरतो नाकात आणि संगणकात. जुन्या विमानांत रडारची तबकडी मोटरने फिरायची. हवेत बघत असताना जमिनीचा नकाशा काढता यायचा नाही, कारण तबकडी एकच आणि नजर एकीकडेच. एमकेआयच्या 'बार्स' रडारमध्ये शलाका विजेने वळवतात, मिलिसेकंदांत. त्यामुळे एक झलक हवेत आणि एक जमिनीवर असं आलटून पालटून करता येतं. १५ लक्ष्यांचा माग आणि चारांवर एकदम क्षेपणास्त्रं, हा त्याचा जाहीर आकडा. जोडीला अख्खी तबकडी आडवी फिरवायची सोयही ठेवली आहे, म्हणजे बाजूला जास्त दूरवर दिसतं.
उणीव: हे पॅसिव्ह जातीचं आहे. लहरी बनवणारी मुख्य नळी एकच, तिथून सगळीकडे वाटप. ती बसली की रडार बसलं. राफेलच्या आरबीई-२ च्या नव्या रूपात किंवा तेजस मार्क-१ए वरच्या रडारात प्रत्येक छोट्या मॉड्यूलचा स्वतःचा प्रक्षेपक असतो. पाचपन्नास मेले तरी काम चालू राहतं.

वजनकाटा
मग शक्ती दुप्पट केली की पल्ला दुप्पट?

रडारवाला
नाही! इथेच सगळे फसतात. लहर जाताना पसरते, परतताना पुन्हा पसरते. म्हणून पल्ला शक्तीच्या चतुर्थ मुळाने वाढतो. शक्ती दुप्पट केली तर पल्ला फक्त १९ टक्के वाढतो. पल्ला दुप्पट हवा तर शक्ती सोळापट. उलट बाजूने बघा: समोरच्याने आपला रडारवरचा ठसा सोळा पटीने कमी केला, तर तो तुम्हाला निम्म्या अंतरावर आल्यावर दिसणार.
सुखोईची गोम हीच. मोठं अंग, काटकोनात उभ्या दोन शेपट्या, सगळी शस्त्रं बाहेर लटकलेली, आणि समोरून बघितलं तर हवेच्या बोगद्यातून इंजिनाची पाती रडारला दिसतात. फिरती पाती म्हणजे आरसाच. राफेल आणि तेजस दोघांत बोगदा वाकवून इंजिनाचं तोंड लपवलं आहे.

तिखटमीठ
पण ते थ्रस्ट व्हेक्टरिंग, इंजिनाचा झोत वळवणं? एअर शोमध्ये विमान हवेत जागच्या जागी गिरकी घेतं, ते बघून तर समोरचा बेशुद्ध पडेल.

घाटमाथा
@तिखटमीठ, एअर शोमध्ये पडेलही. यंत्रणा मात्र खरंच सुंदर आहे. नोझल, म्हणजे झोत बाहेर पडायचं तोंड, सरळ वर-खाली हलत नाही. त्याची हलण्याची रेषा बाहेरच्या अंगाला ३२ अंश कललेली आहे, आणि त्या तिरप्या रेषेत ते १५ अंश इकडे, १५ अंश तिकडे जातं. दोन्ही नोझलं एकदम वर वळली की शेपूट खाली दाबली जाते, नाक वर. एक वर आणि एक खाली केलं की विमान लोळतं आणि नाक बाजूलाही सरकतं. म्हणजे एकाच पातळीत हलणाऱ्या दोन नोझलांतून तिन्ही अक्षांवर ताबा.
उपयोग कुठे? कमी वेगाला. शेपटीच्या पृष्ठांचा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. ताशी ६०० वर जेवढा जोर, ताशी २०० वर त्याचा नववा हिस्सा. तिथे इंजिनाचा झोत कामाला येतो.

पक्का पुणेकर
आणि ताशी २०० ला आलेलं विमान म्हणजे सिग्नलला बंद पडलेली रिक्षा. समोरचा एकटा असेल तर ठीक. दुसरा कुठून तरी येतोच. गमावलेला वेग परत मिळवायला आफ्टरबर्नर लागतो. माझ्या मते या खेळण्यापायी प्रत्येक इंजिनामागे शंभरेक किलो वजन आणि देखभालीचं आणखी एक दुखणं गळ्यात घेतलं.

घाटमाथा
खेळणं नाही. टोकाच्या कोनातही विमान ताब्यात राहतं, घिरट्या खात पडत नाही, ही सुरक्षितता मोठी आहे. पण लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या काळात त्याचं महत्त्व कमी झालं, हे मान्य.

वजनकाटा
आफ्टरबर्नरचं बिल बघा. या इंजिनाला आफ्टरबर्नरवर दर किलो रेट्यामागे तासाला १.९ किलोच्या आसपास इंधन लागतं. जमिनीलगत २५,००० × १.९ म्हणजे तासाला ४७,५०० किलो, मिनिटाला सुमारे ७९० किलो. भरलेली टाकी बारा मिनिटांत कोरडी! बिनआफ्टरबर्नर पूर्ण जोरावर हाच खर्च मिनिटाला दोनशेच्या घरात. म्हणजे खर्च चौपट आणि रेटा वाढला साधारण ६० टक्के. म्हणून मॅक दोन आणि ३,००० किमी हे दोन आकडे एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

चौकस चिंतू
हे बारा मिनिटांचं माहीत नव्हतं. कॅनार्ड कशासाठी मग? सुखोई-३५ वर तर ते काढून टाकले म्हणे.

रडारवाला
आमच्या रडारचा दोष. :) बार्स जड, नाक जड झालं. पुढे छोटे पंख लावून उचल दिली, शिवाय मोठ्या कोनात मुख्य पंखावरचा प्रवाह चिकटून राहायला मदत. ३५ मध्ये उड्डाण-नियंत्रणाचा संगणक आणि नोझल मिळून ते काम करतात, म्हणून कॅनार्डचं वजन वाचवलं.

ओझरची पाटी
नाशिककर इथे हजर. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखाना १९६४ पासून, मिग-२१ साठी उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं तरी लोक वस्तीला अजून 'मिग'च म्हणतात. आता 'सुखोई' म्हणायला लावणार का कोणी?
धाग्यात कोणी देखभालीचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते विमानाची खरी क्षमता सकाळी हँगरबाहेर किती उभी राहतात त्यावर. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी या इंजिनाच्या बिघाडांबद्दल बोलताना बेअरिंगवर बोट ठेवलं होतं. बेअरिंग झिजलं की धातूचे बारीक कण तेलात मिसळतात. तेच तेल पुढे दुसऱ्या बेअरिंगला जातं. कण वाढले, दाब घसरला, कंपनं वाढली, की वैमानिक ते इंजिन बंद करून दुसऱ्यावर घरी येतो. दोन इंजिनांचा खरा फायदा हा.
पकडायचं कसं? तेलाच्या वाटेत चुंबकाची गुडदी असते. ती ठरावीक तासांनी काढून बघायची. बारीक काळी पूड आली तर पुसून पुन्हा लावतात. चमकणारा कपचा दिसला की इंजिन थांबलंच. शिवाय तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाळून कुठला धातू किती वाढला ते बघतात. लोखंड आणि क्रोमियम चढलं तर गोळ्या किंवा रिंगा झिजताहेत. चांदी चढली तर बेअरिंगच्या पिंजऱ्याचा मुलामा निघतोय. एकच मोठा आकडा नव्हे, तर आधीच्या नमुन्यापासून चढ किती वेगाने आहे ते महत्त्वाचं.

वेलदोडा
हा प्रतिसाद वाचनखूण साठवली. रक्ततपासणीच की ही.

दाबोळीकार
इंजिनाच्या तोंडाचंही लिहा कोणीतरी. सुखोईच्या बोगद्यात टायटॅनियमची जाळी असते. जमिनीवर धावताना ती उभी राहते, हवेत गेल्यावर आडवी होते. खडा आला तर जाळीवर आपटतो. पुढच्या चाकामागे चिखलरोधकही असतो, तोही खड्यांसाठीच. जुनं मिग-२९ मुख्य तोंडच झाकायचं आणि पाठीवरच्या फटींतून श्वास घ्यायचं. नौदलाच्या मिग-२९के मध्ये जाळी आली, त्या फटी गेल्या आणि तिथे इंधन भरलं. जाळी असूनही सकाळी रांगेने धावपट्टी चालत जाऊन खडे वेचणं चुकत नाही. तांदूळ निवडतात तसंच.
आणि चिंतूसाहेब, तुमचा प्रश्न जहाजावर तर जास्तच बोचतो. विमानवाहू विक्रमादित्यवर कॅटापुल्ट (विमान फेकणारी यंत्रणा) नाही, धावायला थोडी जागा आणि पुढे १४ अंशांचा उतार, म्हणजे चढच. तिथे पत्रकातलं कमाल वजन विसरा. त्या दिवशीचा वारा आणि जहाजाचा वेग किती, त्यावर इंधन कमी करायचं की शस्त्रं ते ठरतं. दोन्ही नाही.

तिखटमीठ
राफेलबद्दल कोणी काही बोलेना. गप्प का सगळे?

वजनकाटा
घ्या. राफेल रिकामं साधारण १० टन, आत ४.७ टन इंधन, बाहेर ९.५ टन. कमाल वजन २४.५ टन. म्हणजे स्वतःच्या वजनाइतकं जवळपास पाठीवर, ही खरंच कमाल आहे. पण दोन इंजिनं प्रत्येकी ७५ किलोन्यूटन, मिळून सुमारे १५,३०० किलो. पूर्ण लादल्यावर गुणोत्तर ०.६२. तेजस मार्क-१ए पूर्ण लादलं तर १३.५ टन, इंजिन सुमारे ८,६०० किलो, गुणोत्तर ०.६४. सुखोई ०.६८.
तिघांचं उत्तर सारखंच आलं बघा. लादलेल्या अवस्थेत कोणीही लढवय्या नाही. लढाई आली तर आधी बॉम्ब फेकायचे, मग वळायचं.

पक्का पुणेकर
इथे थांबवतो. जमिनीवरच्या स्थिर रेट्याला वजनाने भागून हवेतल्या लढाईचा निकाल लावता येत नाही. उंची, वेग आणि भाराचा अडथळा मोजा. १०,००० मीटरवर रेटा जमिनीच्या निम्म्याहूनही कमी राहतो.

वजनकाटा
मान्य. तुलनेपुरता धरा.

नटबोल्ट
'आठ टन' याचा आणखी एक अर्थ लोक विसरतात. खुंटी तेवढं वजन पेलते, म्हणून कुठलंही शस्त्र तिथे लागतं असं नाही. प्रत्येक नवीन शस्त्राला हा सगळा जिना चढावा लागतो. आधी जमिनीवर बसवून बघणं: चाकं, झडपा, शेजारचं शस्त्र कुठे घासतंय का. मग डेटा बसवर, म्हणजे माहितीच्या तारेवर, विमानाच्या संगणकाशी बोलणं. मग नुसतंच लटकवून उड्डाणं, वेगवेगळ्या वेगांना पंख फडफडतो का ते बघायला. मग इंजिन न पेटवता सोडून बघणं, कारण विमानाखालचा प्रवाह सुटलेली वस्तू पुन्हा वर ढकलू शकतो. म्हणूनच ती नुसती सोडत नाहीत, दाबाने खाली ढकलतात. शेवटी खरा मारा. हवेतून हवेत मारणारं आपलं 'अस्त्र' नावाचं क्षेपणास्त्र, १५४ किलोचं, हे सगळं सुखोईवरच पार करून आलं.
ब्रह्मोसचं उदाहरण तर ओझरचंच. हवाई आवृत्ती अडीच टनांची, पोटाखाली मधोमध एकच. त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला. जून २०१६ मध्ये नाशिकला क्षेपणास्त्र लावून पहिलं उड्डाण, आणि पहिला मारा २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर. लटकवण्यापासून मारेपर्यंत सतरा महिने. पत्रकात ती एक ओळ असते.

ओझरची पाटी
आणि एमकेआय मधल्या 'आय'ची, म्हणजे इंडियाची, किंमतही तीच. मांडणी रशियन, पडदे फ्रेंच, शत्रूचं रडार गोंधळवणारं जॅमर पॉड इस्रायली, मिशन कॉम्प्युटर आणि धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा आपली. पॉड बदललं की सॉफ्टवेअर बदला, सॉफ्टवेअर बदललं की आधी पास झालेली शस्त्रं पुन्हा तपासा. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ विमानांचा करार झाला, साडेतेरा हजार कोटींचा, तीही ओझरलाच बनणार.

चौकस चिंतू
सर्वांना धन्यवाद. मग मूळ प्रश्नावर येतो. समजा ब्रह्मोस लावून टाकी पूर्ण भरली आणि स्वसंरक्षणाला दोन छोटी क्षेपणास्त्रं. माझी बेरीज, ६०० म्हणजे माणसं, खुंट्या आणि गोळ्या धरून: १८,४०० + ९,६४० + ६०० + २,५०० + २१० = ३१,३५०. गुणोत्तर ०.८. बरोबर?

वजनकाटा
बरोबर, फक्त लाँचर आणि मजबुतीचं वजन धरलं नाहीत. ०.८ च्या थोडं खाली. ९ जी विसरा, मॅक दोनही विसरा. पल्ला मात्र चांगला राहतो, कारण एकच वस्तू आणि ती पोटाखाली. वर इल-७८ हे इंधनवाहू विमान असेल तर नाकाजवळची नळी बाहेर काढा नि पुन्हा भरा. या कामासाठी हे विमान एकदम योग्य.

वेलदोडा
आणि लक्ष्य सापडलंच नाही तर? ब्रह्मोस घेऊन परत?

नटबोल्ट
परतच. एवढं महाग क्षेपणास्त्र समुद्रात टाकत नाहीत. फक्त उतरताना चाकांना पेलेल इतकं वजन खाली आणावं लागतं, म्हणजे घिरट्या घालून इंधन जाळायचं. मग टेकताना हळुवार, आणि मागच्या दोन इंजिनांमधल्या शेपटीच्या कुपीतून ब्रेकचं पॅराशूट. ते उघडलं नाही तर ब्रेक तापतात. म्हणून घडी घालताना दोन माणसं लागतात: एक घालतो, दुसरा मोजतो.